तिघांनी सोडलेला शनिवार

सोमवार, ३ फेब्रुवारी

या दैनंदिनीच्या निर्मात्याविरुद्ध मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. सोमवार ते शनिवार प्रत्येक वाराला त्याने अख्खं पान बहाल केलं आहे. रविवारला मात्र अर्धंच, तेही शनिवारच्या पाठीला, पोटभाडेकरू ठेवावा तसं. रविवारी माणसाला कमी सुचतं, हे या गृहस्थाला कोणी सांगितलं? माझ्या करारात तरी वारांमध्ये असली उच्चनीचता नाही. तिथे सगळे वार सारखेच निराधार आहेत.

करारातलं मुख्य वाक्य मला पाठ आहे: कंपनी काम देण्यास बांधील नाही आणि कामगार ते स्वीकारण्यास बांधील नाही. दोन्ही पक्ष बंधमुक्त. ज्या ग्रंथांवर मी तारुण्य घालवलं त्यांतही इतका स्वस्त मोक्ष मला आढळला नव्हता. या व्यवस्थेला शून्य तासांचा करार म्हणतात.

सव्वीस वर्षं वार्ताहर होतो. वर्तमानपत्र बंद पडलं आणि गेल्या सप्टेंबरपासून मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालतो. काम असलं की फोनवर मेसेज येतो, जो पहिल्यांदा ‘हो’ दाबेल त्याची शिफ्ट.

आता मुद्दा. राहतं घर पंधरा एप्रिलला सोडायचं आहे. नवं घर आम्हा दोघांना पसंत पडलं आहे. दोन खोल्या, उजेड भरपूर, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. त्याचे मालक निवृत्त दंतवैद्य आहेत. ‘शून्य तास’ हे शब्द ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी आपोआप तोंड मिटलं. नियमित काम असल्याचं कंपनीचं पत्र आणा, म्हणाले.

आमच्या मुकादमबाईंनी नियम सांगितला. सलग आठ आठवडे, दर आठवड्याला किमान चार शिफ्ट, मग ऑफिस पत्र देतं. एक आठवडा हुकला की पुन्हा पहिल्यापासून. आजपासून मोजलं तर तीस मार्चला आठ पुरे होतात. त्यानंतर दुसरी संधी घेण्याइतका वेळ उरत नाही.

“आणि चार नाही मिळाल्या तर?” हिने विचारलं.

“हा अंगठा बघ,” मी म्हणालो.

हिने बघितला. “नख वाढलंय.”

बुधवार, ५ फेब्रुवारी

आजची शिफ्ट मलाच. मेसेज आला, दाबला, मिळाली.

घडीघरात आम्ही यादीवरची तीन माणसं आहोत. आक्का सगळ्यांत जुन्या. सात वर्षं याच टेबलाशी. पैलवान तिशीतला, त्याच्या दंडात माझं मनगट मावेल की नाही शंका आहे, म्हणून ते नाव. आणि मला ‘पंडित’ म्हणतात. एका शिफ्टला बहुधा दोघं लागतात, म्हणजे पहिले दोन ‘हो’. कधी तिघं, कधी एकटाच.

आज पैलवान सोबत होता, आक्का काल विसरलेला आपला डबा घ्यायला आलेल्या. दंतवैद्यांची गोष्ट मी दोघांना साभिनय सांगितली, आठ आठवड्यांच्या नियमासकट. पैलवान हसून हसून टेबलावर आडवा झाला. आक्का हसल्या नाहीत. त्यांना विनोद जरा उशिरा पोहोचतो.

“म्हणजे आठवड्याला चार,” एवढंच त्या म्हणाल्या.

“चार, आक्का.”

“आणि एक चुकली तर गेलं.”

“गेलं.”

त्या डबा घेऊन गेल्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज मला अभिमान वाटतो आहे आणि तो मी अख्ख्या पानावर मांडणार आहे.

ऑपरेशनला लागणारी एक चादर असते, तिच्या मधोमध भोक असतं. त्या भोकातून फक्त कापायची जागा दिसते. आम्ही घडी घालतो, मग ती वाफेवर निर्जंतुक होऊन वर जाते. घडी अशी हवी की भोक वर राहिलं पाहिजे आणि नर्सने दोन कोपरे धरून सोडले की उरलेली चादर आपली आपण उलगडली पाहिजे, तिचं बोट कुठेही आत न लागता. घडी उलट पडली तर वर कोणीतरी टेबलावर झोपलेलं असतं आणि चादर फेकून दुसरी मागवावी लागते.

त्यासाठी पंख्यासारखी चुणी घालतात: पुढे, मागे, पुन्हा पुढे. पाठशाळेत आम्ही जटापाठ घोकायचो तोही असाच, शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे. त्या वेळी गुरुजींच्या छडीमुळे जे अंगात भिनलं ते चाळीस वर्षांनी चादरीवर उतरलं. पण शिकवलं आक्कांनीच. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “पंडित, चादरीकडे बघू नकोस. जी ती उघडणार आहे तिचे हात डोळ्यांपुढे आण आणि मग घडी घाल.” अलंकारशास्त्राच्या तीन वर्षांत लेखनाबद्दल मला कोणी इतकं कामाचं सांगितलं नव्हतं.

आज ऑपरेशन विभागाच्या मोठ्या सिस्टर खाली आल्या आणि एक गठ्ठा वर धरून म्हणाल्या, “ह्या कोणाच्या?”

“पंडितच्या,” आक्का म्हणाल्या. वस्तुतः निम्म्या त्यांच्याच होत्या. मी तसं सांगणार होतो, पण सिस्टर घाईत होत्या.

मी आक्कांसाठी स्टूल ओढलं तर त्या उखडल्या. “माझे गुडघे तुझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. तुझी पाठ सांभाळ.” मग मुकादमबाईंना त्यांनी विचारलं, कायमची जागा यंदा तरी निघणार का? मुकादमबाई म्हणाल्या, वरून काही नाही. दर वर्षी हा प्रश्न विचारायचा, असा आक्कांचा नेम आहे म्हणे. माणसाला काहीतरी छंद हवाच.

रविवार, २३ फेब्रुवारी

तीन आठवडे, बारा शिफ्ट. अंगठा तेजस्वी आहे. अर्ध्या पानात एवढंच मावतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज काम नव्हतं. सकाळी साडेदहाला, सभ्य माणसं कचेरीत असताना, ही आणि मी तळ्याकाठी फिरून आलो. सव्वीस वर्षांत गुरुवारची सकाळ कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं. चांगली दिसते.

पैलवानाचं या कराराविषयीचं मत माझ्यापेक्षा स्पष्ट आहे. तो बुद्धिबळाच्या स्पर्धांना जातो. मनात आलं की आठवडाभर गायब, परत आला की पुन्हा यादीवर. “पंडितजी, रजेचा अर्ज नाही, साहेबाचं तोंड नाही. मला कायमची नोकरी कोणी फुकट दिली तरी नको.” त्याचं खरं आहे. तो एकटा आहे, बहिणीकडे राहतो, आणि तिच्या घराचा मालक दंतवैद्य नाही.

माझंही अर्धं मन त्याच्या बाजूने आहे. अडचण अशी की ‘नाही’ म्हणण्याचा जो अधिकार करारात आहे तो मी आजवर एकदाही वापरलेला नाही. फोन आंघोळीलाही सोबत असतो. हिच्याशी बोलताना माझा एक डोळा त्याच्यावर असतो. परवा ही म्हणाली, “मीसुद्धा मेसेजच पाठवत जाऊ का?”

शुक्रवार, ७ मार्च

या आठवड्याच्या चार झाल्या. आजही आक्का नव्हत्या. त्यांची बोटं घडीवर विजेसारखी चालतात पण फोनवर अडखळत असावीत, वयच झालं. मी त्यांना एकदा बटण कसं पटकन दाबायचं ते शिकवलं पाहिजे.

हे मी जेवताना म्हणालो. ही वाढता वाढता थांबली. “तुमच्या अंगठ्याचं कौतुक आता पुरे.”

“का?”

“उगाच. भात घ्या.”

बायकोला नवऱ्याच्या कौशल्याचा अभिमान उघडपणे दाखवता येत नाही, हे मी समजू शकतो.

बुधवार, १९ मार्च

सातवा आठवडा. दंतवैद्यांकडे जाऊन खिडकीची मापं घेतली. ते स्वतः टेप धरून उभे राहिले. “पत्र आलं की किल्ली,” म्हणाले. खिडकी सव्वाचार फूट आहे. पडदे शिवायला आक्कांना विचारू, असं ही म्हणाली. आक्का हल्ली घरी शिवण घेतात म्हणे. मला हे माहीत नव्हतं. हिला कसं माहीत, विचारलं, तर म्हणाली, बाजारात भेटतात.

गुरुवार, २७ मार्च

आठव्या आठवड्याच्या तीन झाल्या. एक राहिली.

आज बसथांब्यावर आक्का दिसल्या. काखेत कापडाचं मोठं बोचकं, कोणाच्या तरी बारा उशांचे अभ्रे. मी विचारलं, घडीघरात दिसत नाही हल्ली?

“तू दिसतोस ना. पुरे.” मग म्हणाल्या, “किती झाल्या?”

“तीन.”

“मग शनिवारची घे. शनिवारी एका माणसाचा मेसेज येणारच, सोमवारी सकाळी आठ ऑपरेशनं आहेत.”

बस आली, त्या चढल्या. मी पैलवानाला फोन केला. त्याने सांगितलं की आक्का या महिन्यात दोनदाच आल्यात. दोनदा! मी घरी येऊन ही वही चाळली. खरंच, पानामागून पान, आक्का नाहीत. मी इतके दिवस माझा अंगठा मोजत होतो, त्यांची गैरहजेरी माझ्याच अक्षरात समोर होती.

ठरवलं. शनिवार आक्कांना सोडायचा. त्यांची बोटं मंद असली तरी पैलवान स्पर्धेच्या तयारीत आहे, मी गप्प राहिलो तर शिफ्ट आपोआप त्यांच्याकडे जाईल. मला रविवार आहेच. गेले सातही रविवार मेसेज आलेला आहे. हिला सांगितलं नाही. दान गुप्त असावं, असं शास्त्र सांगतं, आणि हिने रागावू नये, असं मला वाटतं.

शनिवार, २९ मार्च

सहा वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला. मी तो उघडला, वाचला, फोन उपडा ठेवला आणि चहा केला. फार दिवसांनी स्वतःविषयी इतकं बरं वाटलं. चहात साखर घालायची राहिली तरी गोड लागला.

रविवार, ३० मार्च

आज मेसेज नाही.

सकाळभर नाही. दुपारी फोन बंद करून चालू केला. नाही. संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. ही खोक्यात भरलेली पुस्तकं काढून पुन्हा फळीवर लावू लागली, एकेक. मी म्हणालो, “रागाव तरी.” ही म्हणाली, “कोणावर रागावू? योग्यच केलंत.” हे जास्त लागलं.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी नऊला तिघांनाही ऑफिसात बोलावणं. मुकादमबाईंच्या शेजारी कंपनीचे एक साहेब, टाय लावलेले. त्यांच्यापुढे कागद.

शनिवारी घडीघरात कोणीही आलं नव्हतं. एकही जण नाही. टेबलावर गरम चादरींचा ढीग पडून राहिला. शेवटी मुकादमबाई आणि मोठ्या सिस्टर यांनी मिळून घड्या घातल्या आणि त्यातल्या निम्म्या उलट पडल्या. काल कंपनीने दुसऱ्या हॉस्पिटलातून माणसं आणून ते निस्तरलं, म्हणून मेसेज नाही. तरी वाफेला उशीर झाला आणि आजची आठपैकी तीन ऑपरेशनं दुपारवर गेली.

“हा संप होता का?” साहेबांनी विचारलं.

पैलवानाने माझ्याकडे पाहिलं, मी आक्कांकडे.

“कारण यात सगळी नोंद आहे.” त्यांनी कागद वाचला. “सहा दहाला मेसेज गेला. या गृहस्थांनी,” त्यांनी पैलवानाकडे बोट केलं, “सहा सेकंदांत उघडला. तुम्ही नऊ. आणि या बाईंनी तीन सेकंदांत. तिघांनी उघडला, तिघांनी सोडला. आधी ठरल्याशिवाय असं होतं का?”

“मी पंडितजींसाठी सोडला,” पैलवान म्हणाला. “त्यांना एकच हवी होती.”

“मीही त्याच्यासाठीच,” आक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तू का नाही घेतलास, शहाण्या?”

“तुमच्यासाठी.”

मुकादमबाईंनी हातातली फाइल तोंडापुढे धरली. त्यांचे खांदे हलत होते.

“साहेब,” मी म्हणालो, “हा संप नव्हता. सौजन्य होतं. आम्हाला सवय नाही, म्हणून जरा जास्त झालं.”

साहेबांना पटलेलं दिसलं नाही. संपाशी काय करायचं याची त्यांच्याकडे पुस्तिका असणार, सौजन्यासाठी नसणार. त्यांनी आणखी पानं उलटली आणि तिथे मला माझी जागा कळली. गेले आठ आठवडे, प्रत्येक मेसेज. आक्का: तीन सेकंद, चार सेकंद, दोन सेकंद. उघडला, दाबला नाही. उघडला, दाबला नाही. माझा जो सुप्रसिद्ध अंगठा, तो सरासरी अकराव्या सेकंदाला पोहोचत होता.

दारात मी त्यांना गाठलं. तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. वार्ताहराचं आणि संस्कृतज्ञाचं, दोघांचंही.

“तोंड मीट,” आक्का म्हणाल्या, “दंतवैद्य बघतील.”

म्हणजे विनोद त्यांना पोहोचला होता. पाच फेब्रुवारीलाच.

मंगळवार, १ एप्रिल

साहेब जाता जाता घाबरूनच गेले असावेत. आज मुकादमबाईंनी सांगितलं, घडीघरात आता एक कायमची जागा. आठवड्याला पाच दिवस, ठरलेले तास, रुजू होताच पत्र. पण कंपनीचा स्वभाव जात नाही. उद्या दहाला तिघांना मेसेज येणार, जो पहिल्यांदा ‘हो’ दाबेल त्याची जागा.

पैलवान तिथेच म्हणाला, “मला वगळा. शुक्रवारी स्पर्धा आहे.”

मग मी आणि आक्का राहिलो. मी म्हणालो, “आक्का, सात वर्षं तुम्ही विचारताय. ही तुमची.”

“नको रे बाबा. पाच दिवस उभं राहायचं म्हणजे. माझे गुडघे कुठे राहिलेत आता? शिवण बरं, बसून असतं. तू घे.”

“खरंच?”

“खरंच. आणि पुन्हा सौजन्य केलंस तर या वेळी कानाखाली देईन. वर तीन माणसं ताटकळली होती.”

बुधवार, २ एप्रिल

दहाला मेसेज आला. मी ‘हो’ दाबलं. पत्र चार वाजता हातात. दंतवैद्यांनी ते दोनदा वाचलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि किल्ली दिली. हिने रस्त्यातच माझा हात धरला, जे हिने बावीस वर्षांत रस्त्यात कधी केलं नव्हतं.

ज्या टेबलाशी अशी माणसं उभी असतात तिथे मी पाच दिवस उभा राहणार, याचा मला जितका गर्व आहे तितका पहिल्या पानावर नाव छापून आलं होतं तेव्हाही नव्हता.

पत्र देताना मुकादमबाई हसत म्हणाल्या, “या वेळी सात सेकंद हं, सुधारणा आहे.” मग कागदाकडे बघत, “आक्कांनी दोन सेकंदांत उघडला होता. सवयच त्यांची.”

रविवार, ६ एप्रिल

नव्या घरात. आक्कांनी पडदे पाठवले, सव्वाचार फुटांचे, पंख्यासारखी घडी घालून. मी दोन कोपरे धरले आणि सोडले. पडदा आपला आपण उलगडला, कुठेही हात न लागता. मैदानावर मुलं आहेत. ही खिडकीशी उभी आहे, खूश आहे.

या अर्ध्या पानात अजून थोडी जागा उरली आहे, तर खरं ते लिहितो. फेब्रुवारीत त्यांचे गुडघे ठणठणीत होते, ते मीच याच वहीत लिहिलं आहे. त्यांना जागा नको होती की तीही त्यांनी सोडली, हे मला माहीत नाही. विचारलं तर त्या खरं सांगतील का, ही काळजी नाही. काळजी ही आहे की मी विचारणार नाही.